पानवेलीला चालतील अशा वहाणा

१ एप्रिल १९५२, मंगळवार. आगाशी.
मुंबईची नोकरी सोडून आठवडा झाला. सोडली ती तत्त्वासाठी. हेडक्लार्कने वेळेवर येण्याचा आग्रह धरला, मी स्वाभिमान धरला. आता शेती.

बाबांचे गुडघे धरलेत. रोज वाडीत जाणं त्यांना होत नाही. आज ओटीवर बसवून स्पष्ट म्हणाले की पावसापर्यंत पानवेल हिरवी ठेवलीस तर वाडीचा कारभार तुझ्याकडे, नाहीतर शेजारच्या पास्कलला अर्ध्या वाट्याने देऊन टाकीन. मला हसू आलं. ज्याने ऑफिस सांभाळलं त्याला वेली काय जड आहेत. शिवाय वाडी गेली तर मी करणार काय, हा प्रश्न उद्भवतच नाही.
उद्या पहाटे पाचला वाडीत. ठरलं.

२ एप्रिल, दुपार.
पहाट हुकली. प्रवासाचा शीण अजून गेलेला नाही. नऊला ऑफिसचे काळे बूट घालून निघालो. वाडी येईपर्यंत पाय आतल्या आत शिजले. बांधावर बाबांनी अडवलं. वेलीत चामडं नेत नाहीत, वेल रुसते, म्हणाले.

मी वाद घातला नाही. मुद्दा मात्र लगेच पकडला. हरकत चामड्याला आहे, म्हणजे बिनचामड्याचं चालेल. हलकं हवं, आत वारा खेळायला हवा. अनवाणी जाण्यात अर्थ नाही. दहानंतर इथली वाळू तव्यासारखी तापते, आणि माझे तळवे ऑफिसात मऊ झालेत. आधी साधन, मग काम. सौ. जयवंतीला म्हटलं, दोन दिवस वेलींच्या पाण्याचं तेवढं बघ. बरं म्हणाली.

४ एप्रिल.
देवघरातून आजोबांच्या खडावा काढल्या. चामडं नाही, वारा चारी बाजूंनी. पाटाच्या कडेने ऐटीत निघालो. ओल्या मातीत खडाव रुतली, ती मागे राहिली आणि मी पुढे गेलो. पडताना पाटाचा बांध धरला, तोही माझ्याबरोबर आला. आमच्याकडे कामाला येणारी बायजा मिठागराच्या बाजूची. ती लांबूनच म्हणाली, “दादा, समदं पानी पास्कलबाबाच्या वाडीत चाललं.”

रहाटाचं सकाळभराचं पाणी शेजाऱ्याला गेलं. संध्याकाळी पास्कलने आठवणीने शेवग्याच्या शेंगा पाठवल्या. बाबांनी आमटी दोनदा घेतली.

८ एप्रिल.
काल मुंबईला जाऊन आज परतलो. कॅनव्हासचे पांढरे बूट आणले. अशी खरेदी घाईची नव्हे, म्हणून मावसभावाकडे मुक्काम केला. दुकानदाराला झाडून सगळे जोड काढायला लावले. वारा आरपार जातो का हे बघायला प्रत्येक बुटात तोंड घालून फुंकर मारली. इतर गिऱ्हाइकं थोडी मागे सरकली. सायंटिफिक माणसाला हे चालायचंच.
जयवंतीने दोन्ही दिवस पाणी दिलं. न सांगता दिलं, हे विशेष.

१२ एप्रिल.
कॅनव्हासमधून फुंकर जाते, वारा जात नाही. पापडीच्या मोच्याकडून दोन्ही बुटांना आरीने भोकं पाडून घेतली. व्हेंटिलेशन उत्तम झालं. त्याच भोकांतून वाळूही उत्तम आत येते. घरापासून वाडीपर्यंत सारखा बसून बूट झाडत गेलो. पोचलो तेव्हा जयवंती आणि बायजा परत निघाल्या होत्या.

वाटेत बाबा भेटले. मी म्हटलं, हे चामडं नाही, कॅनव्हास आहे. त्यांनी बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काठी टेकत घरी गेले. नाही म्हणाले नाहीत, ही मोठी प्रगती.

१३ एप्रिल, रविवार.
पास्कलकडे ईस्टरला गेलो. त्याच्या बायकोने, सेलिनने, केक दिला. मी मुद्दाम विषय काढला. पास्कल ख्रिस्ती, तेव्हा वेल रुसण्याच्या गोष्टी तो मानत नसेल असा माझा अंदाज. तर तो म्हणाला, माझा आजा बांधावर छातीशी क्रुसाची खूण करून अनवाणी आत जायचा, मीही तसाच जातो. मग म्हणाला की यंदा तुमच्या वेलींना पाणी कसं अगदी बेताचं आणि सारखं मिळतंय. मी सांगितलं, सुपरव्हिजन. तो खूप वेळ केक चावत राहिला.

२२ एप्रिल.
शोध लागला! बाजारातल्या मालाच्या मागे लागलो हीच चूक. वहाण आपल्या दारात आहे. केळीची वाळलेली सोपं, म्हणजे खोडाची सालपटं, एकावर एक विणायची, सोपाच्याच दोराचा अंगठा करायचा. आज दिवसभर बसून एक जोड केला. पायात आहे हे खाली बघितल्याशिवाय कळत नाही, इतका हलका. तळव्याला गार. चामड्याचा अंश नाही. उलट केळ आणि पानवेल एकाच वाडीतल्या सख्ख्या शेजारणी, त्यांचं भांडण होण्याचं कारण नाही.
पुढेमागे गोखिवऱ्याला जागा घेऊन कारखाना काढता येईल.

२३ एप्रिल.
डावी वहाण पास्कलच्या बकरीने खाल्ली. उजवी बाबांनी बंबात घातली. चुकून, म्हणाले.

२७ एप्रिल, अक्षय्य तृतीया.
नवीन जोड घालून अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत टेस्ट घेतली. वाळत घातलेल्या मासळीमधून वाट काढत गेलो, कुठेही टोचलं नाही. एक म्हातारी कोळीण वाकून माझ्या पायांकडे पाहत राहिली. मग पाण्याजवळ उभा असताना लाट आली. वहाणा शेवयांसारख्या सुटल्या. वाळू अशी तापलेली की परत यायला बैलगाडी करावी लागली.

घरी सगळं सांगितल्यावर जयवंतीने विचारलं, वाडीत पाणी नसतं का? मुद्दा योग्य होता. मला तो सुचलाच असता.

३ मे.
संध्याकाळी जयवंती ओटीवर पायातला काटा काढत बसली होती. सहज लक्ष गेलं. टाचा पार फुटल्यात. लग्नात हिचे पाय किती नाजूक होते. मी म्हटलं, तुलाही एक जोड करून देतो. ती म्हणाली, करा, पण मला घालायला वेळ कधी? हसत म्हणाली. मला एकाएकी कसंतरीच झालं. वाटलं, उद्या सकाळी आपण जावं पाण्याला, पाय भाजले तर भाजले.

४ मे.
डोकं दुखत होतं. गेलो नाही.

१४ मे.
काम फत्ते. विणलेल्या सोपांवर पास्कलकडच्या उरलेल्या मेणबत्त्यांचं मेण वितळवून थापलं. बादलीत बुडवून काढल्या, जशाच्या तशा. हलक्या, गार, पाण्याला भीत नाहीत. असा जोड आगाशीपासून आचोळ्यापर्यंत कुणाकडे नसेल. आता कामाला सुरुवात करण्यात कसलीही अडचण नाही. येत्या सोमवारपासून करीन, मधल्या दिवसापासून सुरुवात बरी नव्हे.

१७ मे.
पाऊस तोंडावर आला म्हणून उद्या बाबा वाडी बघायला येणार, पास्कललाही बोलावलंय. म्हणजे निर्णय उद्याच. मला काळजी नाही. पानवेल हिरवी ठेवायची अट होती आणि बांधावरून मी स्वतः पाहिलं, वेल हिरवीगार आहे. दोन शब्द बोलावे लागतील. भाषण तयार केलं. त्यात जयवंतीचा उल्लेख घातला आहे, शेवटी.

१८ मे, रविवार. दुपार.
सगळे बांधावर जमले. बाबांनी चपला काढल्या. पास्कलने बूट काढले, क्रुसाची खूण केली. जयवंती आणि बायजा अनवाणीच होत्या. मी पाय पुढे करून वहाणा दाखवल्या आणि चामडं नसल्याचा मुद्दा मांडला. बाबा शांतपणे म्हणाले, काहीच नको पायात. काढल्या. वाळूवर एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि उडी मारून बांधावर परत आलो. बाकीचे आत गेले.

वेलीच्या सावलीत ते बराच वेळ होते. बाबा पानं उलटून बघत होते. जयवंती काहीतरी सांगत होती, कुठली वेल कधी खाली उतरवून मातीत पुरायची वगैरे असावं. पास्कल मान डोलावत होता. या घरात आल्यापासून मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. मी वहाणा हातात धरून उभा.

बाहेर येऊन बाबांनी पास्कलला सांगितलं की वाडी वाट्याने द्यायची गरज नाही. मी घसा साफ केला. तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले.
“वाडी जयवंतीच्या हाती दिली. वेली तिला ओळखतात. तुला त्यांनी अजून बघितलंच नाही.”
भाषण खिशातच राहिलं. रागाने बोलले असते तर मी भांडलो असतो. पण ते समजुतीने बोलले, आणि खरं बोलले. फार वाईट वाटलं. हे कुठे लिहायचं नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
नव्या मालकिणीला कामाचं विचारलं. तिने थोडा विचार केला. पहाटे पानांच्या करंड्या टांग्यात घालून विरार स्टेशनवर पोचवायच्या, हे मला दिलं आहे. गाडी पानांसाठी थांबत नाही, तेव्हा वेळेवर उठायचं, असं बजावलं.
वहाणांचं विचारलं. म्हणाली, तो रस्ता आहे, पायात काहीही घाला.