साडेबत्तीस अनारसे

ताडकळस,
अधिक ज्येष्ठ

श्रीयुत माधवराव व्याही यांच्या सेवेशी बन्सीधरचा हात जोडून नमस्कार.

या उन्हात आपली प्रकृती ठीक असेल, विहीणबाईंचे गुडघे बरे असतील, येलदरीला धरणावरचा वारा तरी लागत असेल. इकडे सगळ्यांची तब्येत उत्तम आहे, फक्त माझं डोकं फिरलं आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो, आणि मुलीच्या बापानं व्याह्यांवर आवाज चढवू नये एवढी रीत मला कळते. (कागदावर चढलेला दिसला तर तो शाईचा दोष समजावा.)

तर आपले चिरंजीव, म्हणजे आमचे जावईबापू पियुषराव. धोंड्याचा महिना म्हणून त्यांना आणि मंजुषाला रविवारी मानानं जेवायला बोलावलं. आमच्या हिनं, प्रभावतीनं, तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून अनारशाचं पीठ केलं. अनारसा तुपात कधी हसेल आणि विरून जाईल याचा नेम नसतो, म्हणून तळताना तिनं मला स्वयंपाकघरात खोकूही दिलं नाही. एकही हसला नाही. तांब्याच्या ताटात तेहतीस मांडले, वर दिवा ठेवला, जावई पाटावर बसवले. त्या दिवशी जावई म्हणजे नारायण. नारायणानं वाण घ्यावं आणि मग सगळ्यांनी पुरणाचे धोंडे खावेत, इतकं साधं काम होतं.

नारायणानं विचारलं, तेहतीसच का? मी सांगितलं, हा महिना सुमारे तेहतीस महिन्यांनी येतो म्हणून. इथं मी फसलो. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या माणसासमोर ‘सुमारे’ म्हणू नये. त्यांनी पाटाभोवतीच्या रांगोळीतच बोट घातलं आणि मांडायला लागले. जुन्या पंचांगकर्त्यांच्या हिशेबानं अंतर बत्तीस महिने सोळा दिवस. बत्तीस बाजूला ठेवायचे. उरले तिसातले सोळा दिवस, ते उलटे करायचे : तिसाला सोळानं भागायचं. एक आला, तो धरला की उत्तर तेहतीस. पुन्हा उरलेलं उलटं करायचं, पुन्हा एक आला, तो धरला की साडेबत्तीस. याला म्हणे वितत अपूर्णांक म्हणतात. (उत्तर एकदा कमी, एकदा जास्त, पुन्हा कमी, आणि याला हे लोक जवळ जाणं म्हणतात. आमच्यात याला झोकांड्या खाणं म्हणतात.) आणखी एक पायरी उतरलं की हिशेब तंतोतंत जुळतो, पण मग अनारशाचे पंधरा तुकडे करून त्यातले आठ घ्यावे लागतात. त्यापेक्षा साडेबत्तीस बरे, चूक किरकोळ आणि तुकडे दोनच.

एवढं बोलून त्यांनी वाणातला एक अनारसा उचलला, मधोमध मोडला आणि अर्धा प्रभावतीच्या हातावर ठेवला. म्हणाले, “मामी, आता चूक लय कमी राहिली.”

व्याहीबुवा, वाण मोडलं! सासूला परत दिलं! प्रभावती तो अर्धा अनारसा धरून नुसती उभी राहिली. मी फक्त इतकंच म्हणालो, की दिलेलं वाण परत घ्यायला आमचा ताडकळसचा बाजार नाही, आणि गणितच करायचं होतं तर पाटावर कशाला बसलात, बाकावर बसायचं. (आणखी दोन-तीन गोष्टी म्हणालो, त्या आपल्या घराण्याबद्दल होत्या म्हणून लिहीत नाही.) त्यावर बोलली ती आमची मुलगी. “बाबा, गणित त्यांचं बरुबर हाय. तुमी उगं वरडायलाव.”

मग दोघं उठले. भर दुपारी, न जेवता, परभणीच्या बसला गेले. मंजुषा वळून पाहील म्हणून मी दारात उभा होतो. पाहिलं नाही. तेव्हापासून ना फोन, ना निरोप. चूक सापडेल म्हणून तो हिशेब मी स्वतः पुन्हा मांडून बघितला. सापडत नाही, त्याचा राग वेगळाच आहे.

माझा राग आपल्याला कळावा, आपला लोभ तरीही असावा.

आपला नम्र,
बन्सीधर

ता. क. अमावस्येला महिना संपतो. त्याआधी वाण जावयाच्या हाती गेलं नाही तर प्रभावतीच्या घशाखाली घास उतरणार नाही. दोघांना पाठवून द्यावं. साडेबत्तीस तर साडेबत्तीस, वरचा अर्धा ती स्वतः खायला तयार आहे. पियुषरावांना कॉलेजची कामं असतील तर त्यांनी लगेच परतावं, आमचा आग्रह नाही. मंजुषाला मात्र चार दिवस राहू द्यावं.

ता. क. दुसरा. पत्र प्रभावतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “जावयाचा राग आलाच न्हाई तुमाला. पोरगी त्याच्या बाजूनं उभी राहिली, ते लागलंय.” मी तिला गप्प बस म्हणालो. पण पत्र पुन्हा लिहायला हात उचलला नाही, आहे तसंच टाकतो. जावईबापूंना हे वाचू देऊ नये. मंजुषाला दाखवलंत तर माझी हरकत नाही.