झिजलेल्या पिंडी

कुणकेश्वर, वैशाख, २००४

सौ. शेवंतीस आशीर्वाद,

इथं मूर्तिकारांच्या शिबिरात जेवण चांगलं आहे, खोकलाही कमी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

रेघ चुकली तर मूर्तीत देव उतरणार नाही, या भीतीनं वर्षभर गणपतीचे डोळे आखायला माझा हात धजत नव्हता. आज ओहोटीला खडकात कोरलेल्या पिंडी उघड्या पडल्या. कारागिरी सगळी लाटांनी नेली आहे, नुसते उंचवटे उरलेत. तरी आपोआप हात जोडले गेले. मग मी कशाला भितो?

किती वेळ उभा होतो कोण जाणे. मासे विकणाऱ्या चंद्रावतीबाई म्हणाल्या, "देव खंय जावचो नाय, पण भरती येता हा."

खोलीवर येऊन कागदावर डोळे आखले. ते माझ्याकडे बघू लागले.

माझ्या धाकट्या भावाला, रामनाथला सांग, यंदा डोळ्यांच्या आखणीला बाहेरचा माणूस बोलावू नकोस.

तुझा,
विश्राम