कारणाचा रकाना

प्रिय अंश,

प्रभूच्या नावाने सलाम. पत्र वाचायच्या आधी पाकीट नीट बघ. जोडावर चिकटपट्टी लावून तिच्यावर मी आडवी सही केली आहे. ती सही फाटलेली किंवा सरकलेली दिसली तर अस्मिताला काही बोलू नकोस, मला फक्त 'पाकीट मिळालं नाही' एवढा मेसेज कर, म्हणजे मी काय ते समजेन. मुलगी चांगली आहे, आपल्या उर्मिलाताईंची आहे, संडेस्कूलला तुझ्याच बाकावर बसायची, सगळं खरं. पण शारजा ते टोरांटो म्हणजे चौदा तासांच्या वर बसून राहायचं, आणि एवढा वेळ माणूस करणार काय? ती ऑफिसच्या कामासाठी तिकडे येते आहे हे कळलं तेव्हाच तिच्या हाती पत्र द्यायचं ठरवलं. फोनवर हे बोलायची माझी हिंमत नाही. शिवाय ज्या देशात राहतो तिथे या विषयावरचा कायदा काय आहे ते तू इथेच वाढल्यामुळे तुला माहीत आहे.

तू म्हणशील, पप्पांचं सुरू झालं. होऊ दे. सव्वीस वर्षं खोर फक्कानच्या बंदरात मी कंटेनरची सीलं तपासतो आहे, माझा स्वभाव दुसरा कसा होणार? नवा होतो तेव्हा बंदरातल्या जुन्या कमरुद्दीनने मला एक कंटेनर दाखवला होता. सील शाबूत, नंबर बरोबर, आणि आतला अर्धा माल गायब. चोराने सीलला हातच लावला नव्हता, दाराच्या कडीचे बोल्ट काढून दार उघडलं होतं आणि काम झाल्यावर पुन्हा बसवलं होतं. कमरुद्दीन म्हणाला, "विलासभाई, सब लोग सील देखता है, इसीलिए चोर सील को छूता नहीं. खलास." तेव्हापासून मी बोल्टही बघतो. निदान बंदरावर तरी बघतो.

आता मुद्द्याचं सांगतो, नाहीतर पानं भरतील आणि ते राहून जाईल. तुझ्या भुवईवरचे टाके सायकलवरून पडल्याचे नाहीत हे मला कळलं आहे. पोलिसांना तू अर्धंच सांगितलंस आणि त्यांनी तुला वीस तारखेला पुन्हा बोलावलं आहे, हेही कळलं आहे.

सायकलचं मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. मार्च महिना, तिकडे रस्त्यावर अजून बर्फ, आणि हा म्हणे सायकल चालवत होता. व्हिडिओवर तू सारखा उजवा गाल पुढे करत होतास. हसलास ते जरा जास्तच. तुझी मम्मी प्रभूचे आभार मानत होती की डोळा वाचला, आणि मी तिच्यामागे उभा राहून तुझ्या खोलीची भिंत, टेबल, टेबलावरचे दोन कप बघत होतो. पहिला संशय दारूचा आला. दुसरा एखाद्या मुलीच्या भानगडीचा. मग दोन कपांवरून माझी गाडी धनंजयवर आली. हा नाशिकचा पोरगा दोन वर्षं तुझ्याबरोबर राहतो, तुझ्या स्वयंपाकघरात वावरतो, फोनवर मी दिसलो की उठून आत जातो. माझी खात्री पटली की यानेच तुला मारलं आहे. मी त्याचा नंबर मिळवून त्याला फोनही केला होता, हे त्याने तुला सांगितलं की नाही कोण जाणे. मी पोलिसी थाटात विचारलं, अंशला कुणी मारलं? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, तो स्वतःच सांगेल तुम्हाला." झालं. गप्प बसणारा माणूस म्हणजे माझ्या लेखी गुन्हेगारच.

इकडचं सांगायचं तर मम्मीची शुगर आटोक्यात आहे, संध्याकाळी अल मजाजच्या पाण्याकडेने दोन फेऱ्या मारते. शुक्रवारची उपासना पूर्वीसारखीच चालू आहे. चर्चच्या आवारातला तोच हॉल, अकरा ते एक ही तीच वेळ, आणि पावणेएकपासून दारात खोळंबलेली मल्याळी मंडळी. प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांचा बिस्किटांचा निळा डबाही तोच आहे. ज्याची जी अडचण असेल ती त्याने नाव न घालता लिहून डब्यात टाकायची, चर्चच्या वडीलमंडळातल्या एकाने वाचायची, आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. गेली नऊ वर्षं चिठ्ठ्या मी वाचतो. तुला आज कबूल करतो, मी त्या आधीच घरी आणून अक्षरावरून ओळखायचो की कुणाची कुठली आहे. रुवैसला नोकरीला असलेल्या मुलासाठी गिरिजाबाई दर महिन्याला लिहितात, ते अक्षर तर मी झोपेतही ओळखेन.

फेब्रुवारीत मंडळीच्या ग्रुपवर कॅनडाच्या कायद्याचा मेसेज फिरू लागला. आपल्यापैकी निम्म्यांची मुलं तिकडेच, त्यामुळे एकच खळबळ. हेट क्राइमचा कायदा कडक झाला की पवित्र शास्त्रातले 'तसल्या' लोकांविषयीचे अध्याय वाचणाऱ्या पाळकालाही आत टाकतील, असं त्यात लिहिलं होतं. विरोधात ऑनलाइन सह्या करायच्या ठरल्या. फॉरवर्ड आलेल्या प्रत्येक औषधाच्या जाहिरातीवर संशय घेणारा मी, या मेसेजचा बोल्ट काही तपासला नाही. उलट पहिली सही माझी. वर स्वतःचं एक वाक्यही जोडलं: मार हा मार असतो, मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघायला पोलीस काय देव आहेत? या वाक्यावर मंडळीत माझी पाठ थोपटली गेली. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

एकटी अस्मिता अडली. वकिलाच्या ऑफिसात काम करते ना. चहाच्या टेबलाशी मला म्हणाली, "अंकल, नोबडी इज जेलिंग युवर सर्मन." तिचं म्हणणं, प्रवचनासाठी कुणी कुणाला तुरुंगात टाकत नाही; बोलण्याची हद्द कुठे संपते यावर वाद आहे, तो होऊ दे, तो तिलाही सोपा वाटत नाही. पण एखाद्याला तो जो आहे त्यासाठी बदडलं, तर त्याच्यासारख्या प्रत्येकाला ती धमकी असते, म्हणून कायदा कारण विचारतो. मी तिला म्हटलं, बाळा, तू अजून लहान आहेस. मनात म्हटलं, हिला कुणीतरी शिकवून पाठवलं आहे. तसल्या मुलांची बाजू ही का घेते, हिचं काय गुपित आहे, असा माझा तपास पुढे महिनाभर चालला होता.

मग एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी डब्यात ती चिठ्ठी निघाली. सगळी अक्षरं सुटी सुटी, मोठी, शाळेतल्या मुलाने फळ्यावर काढावीत तशी. 'माझ्या मुलाला परक्या शहरात मारलं. का मारलं ते सांगायला तो घाबरतो. त्याला न्याय मिळावा आणि त्याच्या वडिलांचं मन प्रभूने मऊ करावं.' अक्षर ओळखू येईना. मी दोन दिवस गिरिजाबाईंच्या मागे होतो. काही ना काही काढून त्यांच्या मुलाची चौकशी केली, रुवैसला भांडणं होतात का म्हणून विचारलं. बाई बिचाऱ्या घाबरून गेल्या आणि मुलाला फोन करकरून त्यांनी त्याला भंडावून सोडलं.

पुढच्या शुक्रवारी मी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली आणि प्रार्थनाही मीच केली. आवाज चढवून केली. हे प्रभू, तो बाप कोण आहे ते तुला ठाऊक आहे, त्याचं कठोर काळीज फोड, पोटच्या पोराला ज्याची भीती वाटते अशा बापाला लाज वाटू दे, असं म्हणालो. सगळा हॉल 'आमेन' म्हणाला. मी डोळे उघडले तर समोर तुझी मम्मी माझ्याकडे बघत होती. तिने 'आमेन' म्हटलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात माझ्या प्रार्थनेला ममताने 'आमेन' म्हटलं नाही असं कधी झालं नाही.

घरी येताना टॅक्सीत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि मी तिच्याकडे. जेवणं झाल्यावर कंपनीने दिलेल्या डायरीत सोमवारच्या कामाची नोंद करायला बसलो, तर मागचं एक पान कात्रीने कापलेलं. खिशातली चिठ्ठी काढून तिथे लावली. फिकट निळ्या रेघा, मागच्या बाजूला कडेशी कंपनीचा अर्धा लोगो, जिथल्या तिथे बसलं सगळं. मी अक्षर बघत बसलो होतो, कागद उलटून बघितलाच नव्हता.

मी ममताकडे गेलो. डायरी आणि चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. तिने हात पुसले, खुर्चीत बसली आणि सगळं सांगितलं. तुला मारलं त्याच आठवड्यात धनंजयने तिला फोन केला होता. तुम्ही दोघं जेवून बाहेर पडला होतात, त्याचा हात तुझ्या हातात होता. तिघे गाडीतून उतरले. ते काय ओरडत होते ते तिने मला सांगितलं नाही, ते शब्द तिच्या तोंडून निघेनात. धनंजयने तुला दवाखान्यात नेलं, तीन टाके पडेपर्यंत तुझा कोट हातात धरून उभा राहिला. जवळचं माणूस म्हणून तिथल्या फॉर्मवर तू त्याचं नाव लिहिलंस. आणि पोलिसांना सांगितलंस की साधी झटापट झाली, ते काय बोलले ते ऐकू आलं नाही. मी म्हटलं, तुला दोन वर्षं माहीत होतं? ती म्हणाली, "तो सहावीत होता तेव्हापासून माहीत होतं. तुम्ही सगळ्या जगावर संशय घेता, एवढा एक तेवढा घेतला नाहीत." मी उठून गॅलरीत गेलो आणि रडलो. नंतर दोन आठवडे तुझ्याशी धड बोललो नाही, ते रागाने नव्हतं. काय बोलायचं ते कळत नव्हतं.

आता मी जे लिहितो ते जपून वाच. तू समलिंगी आहेस. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. शास्त्रातल्या त्या ओळी मी लहानपणापासून पाठ केल्या आहेत, त्या माझ्याच्याने पुसल्या जात नाहीत. तू तर त्याहून पुसला जात नाहीस. या दोन्हींची मोट कशी बांधायची ते मला अजून कळलेलं नाही आणि कळलं आहे असं सोंग मी तुझ्यापुढे करणार नाही.

पण एक गोष्ट मला कळते, आणि ती मी विसरलो होतो याची लाज वाटते. तुझे तुकारामआजोबा तुला आठवत नाहीत. मी पंधरा वर्षांचा होतो, नाताळच्या आठवड्यात गावातल्या काही जणांनी आपल्या प्रार्थनाघराची कौलं फोडली आणि आजोबांचा उजवा हात मोडला. चौकीवरच्या जमादाराने तक्रारीत लिहिलं, बांधावरून किरकोळ वाद. आजोबा म्हणाले, "साहेब, आम्हाला जमीनच नाही, तर बांध कुठला? आम्ही ख्रिस्ती म्हणून मारलं. कारण लिहा, मग अंगठा देतो." मोडका हात छातीशी धरून ते दिवस मावळेपर्यंत बाकावर बसून राहिले. शेवटी जमादाराने वैतागून खोडून लिहिलं आणि आजोबांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. शिक्षा कुणालाच झाली नाही. तरीही घरी येताना ते सरळ चालत होते, मी त्यांच्याबरोबर होतो.

त्यांचाच मुलगा, मी, कारण विचारू नका अशा कागदावर पहिली सही करून बसलो. आणि ती सही तू बघितलीस. मार खाण्याच्या चार दिवस आधी ग्रुपमधल्या कुणीतरी तुला ती लिंक पाठवली होती, वर माझं नाव, खाली माझं वाक्य. हे ममताने अगदी शेवटी सांगितलं. पोलिसांपुढे तुझं तोंड मिटलं ते त्या तिघांच्या भीतीने नाही, माझ्या. म्हणून हे पत्र. माझं नाव मी त्या यादीतून काढायला लावलं आहे आणि का काढलं ते पाळकसाहेबांना तोंडावर सांगितलं आहे. तुझं नाव घेतलं नाही, तो हक्क तुझा. चिठ्ठ्यांचा डबा आता दुसरे कुणी वाचतील. वीस तारखेला तू जा, धनंजयला बरोबर घेऊन जा, ते जे ओरडत होते ते शिवीसकट जसंच्या तसं सांग. कारणाचा रकाना कोरा ठेवू देऊ नकोस, लिहिल्याशिवाय सही करू नकोस. आणि जवळचं माणूस कोण असं पुन्हा विचारतील, तिथे धनंजयचं नाव आहे ते राहू दे. त्याच्या खाली जागा असेल तर लिही: विलास तुकाराम साळवे, शारजा. नातं, वडील.

तुझाच,
पप्पा