‘येतंय’ म्हणायची खोड

बाई, गणवेशांचा शेवटचा गठ्ठा आज दुपारी टेम्पोत चढला आणि कामावरच्या बाया घरी गेल्या. चहा घेऊन एकटीच बसले होते, तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून कागद घेतला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. धान्याच्या मोंढ्यामागं तुमचा शिवणवर्ग होता तिथं आता मोबाइलचं दुकान आहे, पण मी त्या रस्त्यानं गेले की अजून पदर सावरते.

शिरूरकडून लग्न होऊन माजलगावात आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, “मशीन येतंय का?” मी म्हणाले, “येतंय.” मला दोरासुद्धा ओवता येत नव्हता. तुम्ही तो गुपचूप ओवून दिलात. पुढं काजं, हुक, अस्तर, काहीही विचारा, माझं उत्तर एकच. तुम्ही हसायचा. त्या ब्लाउजपर्यंत हसायचा.

लग्नाच्या शालूतला ब्लाउजपीस होता, लग्न परवावर. तुम्हाला परळीला जायचं होतं. निघताना दारातून म्हणालात, “कटोरीचा ब्लाउज कापता येतो ना? का ठिवू उद्यावर?” मी म्हणाले, “येतंय की.” तुम्ही गेलात आणि मी कात्री चालवली. दोन्ही मुंढे, बाही जोडायच्या जागा, इतके खोल गेले की ब्लाउज बगलेत बसणंच शक्य नव्हतं. तसला दुसरा कपडा माजलगावात तर सोडाच, कुठंच मिळाला नसता. दिवसभर मी ते तुकडे मांडीवर घेऊन बसले. संध्याकाळी तुम्ही येता, चपला काढता, तुकडे उचलून उजेडात धरता. मला वाटतं, आता हाकलणार.

“चुकलं त्याचं काई न्हाई,” तुम्ही म्हणालात. “कपडा चुकतोच. पर येत न्हाई तर येतंय कावून म्हणालीस?”

मग सांगितलं. आईबाप ऊसतोडीला जायचे, मला सोबत न्यायचे. चार-पाच महिन्यांनी परत शाळेत गेले की गुरुजी विचारायचे, हे येतं का, ते येतं का. नाही म्हटलं की खालच्या वर्गात, बारक्या पोरांत बसवायचे. म्हणून मी सगळ्यालाच मान हलवायला शिकले. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. खरं तर मलाही ते तिथंच, बोलता बोलता कळलं.

तुम्ही चष्मा काढून पदराला पुसलात. “तवा तू ल्हान होतीस. आता तुला कोण खाली बसवतंय?”

मग फॉल लावायला आलेल्या त्याच शालूचा आत खोचायचा काठ कापून तुम्ही बगलेत जोड दिलात, ब्लाउज शिवलात आणि तो घेऊन आपण दोघी नवरीच्या घरी गेलो. दारात म्हणालात, “तूच सांग.” मी सांगितलं. नवरीची आई भडकली, “परवा लगीन हाय अन् आज सांगता व्हय!” तुम्ही माझ्या बाजूला उभ्या होता. नवरीनं आत जाऊन ब्लाउज घातला, बाहेर आली, हात वर केला. “कुठं दिसतंय गं आई? लई छान बसलाय.” परतताना किती हलकं वाटत होतं.

त्यानंतर रोज चिंध्या झाडताना तुम्ही विचारायचा, “आज काय आलं न्हाई?” सुरुवातीला राग यायचा. हळूहळू माझाच हात मला ओळखीचा झाला. सरळ शिलाईत मी वेगवान, अंगाकडं बघून माप सांगण्यात पक्की, कुणाला कोणतं काम द्यावं ते मला बरोबर उमगतं, आणि कॉलर मात्र काही केल्या बसत नाही. गणवेशाचं पहिलं काम मागायला गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, “सगळं जमेल?” मी म्हणाले, “फ्रॉक, चड्ड्या, शर्ट जमतील. कॉलर मला येत न्हाई, पण ज्यांना येते ते माझ्याकडं बसतील.” बाजारातले एक म्हातारे टेलर घरी रिकामे होते. मी त्यांनाच विचारून आले होते. ते आजही खिडकीपाशी बसून फक्त कॉलरी करतात आणि माझ्यावर खेकसतात. सात मशीन आहेत, बाई. बरं चाललंय. झोप लागते.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. गेल्या महिन्यात तालुक्याला बचत गटांच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. माईक देऊन विचारलं, हे सगळं कुठं शिकलात? मी म्हणाले, “अनुभवातून.” टाळ्या पडल्या. तुमचं नाव विसरले नव्हते, अगदी ओठांवर होतं. पण सगळं माझ्या एकटीचं म्हणून ऐकायला फार गोड वाटलं, म्हणून नाव घेतलं नाही.