उजव्या हाताचा ठसा

मी, सरकारी छापखान्यातला सेवानिवृत्त ठसेकोर, वय एक्क्याऐंशी, पूर्ण शुद्धीत हे सांगत आहे. गेल्या वर्षी उजवे अंग लुळे पडले, म्हणून शेजारचे मास्तर लिहून घेत आहेत. डोके शाबूत आहे. सूनबाईंचे मत वेगळे असल्यास ते ग्राह्य धरू नये.

कलम १. राहते घर थोरल्याला, तुंबलेल्या मोरीसकट. दहा वर्षे "उद्या बघतो" म्हणतोय. आता स्वतःची मोरी म्हणून बघावी.

कलम २. छिन्न्या, हातोडी, भिंग धाकटीला. ती भांड्यांवर नावे घालते. हात माझाच आहे तिचा.

कलम ३. राजमुद्रेबाबत. जुन्या मुद्रेवरचा सिंह आमच्यापैकी कुणी कधी पाहिला नव्हता. नवी मुद्रा ठरवायला समिती बसली. ठरली ती शेजाऱ्याला विस्तव देणाऱ्या हाताची, खापरावर निखारे. समितीच्या चित्रकाराने नमुन्याला माझ्या बायकोचा उजवा हात घेतला. छापल्यावर सुलटे यावे म्हणून पोलादावर उलटे कोरतात. तसेच कोरले. त्याच आठवड्यात गोदामातून बदलीवर आलेले साहेब चित्र शेजारी धरून ओरडले, "अहो, डावा हात काढलात!"

"साहेब, छापल्यावर उजवा येईल."

"मला शिकवू नका. चित्राबरहुकूम करा."

घरात दोन लेकरे होती. मी मान हलवली, नवा ठसा चित्रासारखा सुलटा कोरला. समितीने पोलाद पाहिले, सह्या केल्या. छापल्यावर हात डावा आला. पहिला कागद घरी नेला तेव्हा हिने तो खिडकीशी नेऊन पाहिला. मग म्हणाली, "मी कधी कुणाला डाव्या हातानं दिलंय का हो?" त्याच रात्री मी अर्ज लिहायला बसलो.

ती जाईपर्यंत तीन अर्ज केले. तिन्ही उत्तरे त्याच मुद्रेच्या कागदावर आली: मंजूर आहे, बदल शक्य नाही. ह्या कागदाच्या डोक्यावरही तीच आहे. थोरला म्हणतो, "बाबा, कुणाच्या लक्षात येतंय?" खरे आहे. तेच सोसत नाही.

कलम ४. साहेबांना मी माफ केलेले नाही. ते वारले, तरी नाही. मान मात्र मीच हलवली होती.

कलम ५. बरोबर कोरलेला तो पहिला ठसा मोडीत गेला. तसाच दुसरा मी घरी कोरला. हिच्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत आहे. तो धाकटीला. ह्या कागदावर उमटवायचा होता, पण वकील म्हणाले, "काका, गुन्हा होईल, मृत्युपत्रही बाद होईल." म्हणून पोरी, कागदाला लावू नकोस, नुसता हातात घे. हात डावा दिसेल. घाबरू नकोस, तो तुझ्या आईचा उजवाच आहे.

हे माझे शेवटचे सांगणे. वाचून दाखवले, पटले.

साक्षीदार: गल्लीतले डॉक्टर, वकील.
स्थळ: राहते घर, मागची खोली. तारीख मास्तर घालतील ती.

सही जमत नाही. उजवा हात उचलत नाही, म्हणून अंगठा डाव्या हाताचा. अगं धाकटीच्या आई, शेवटी मीही डाव्याच हाताने देतो आहे.