कुंभकोणम की तिरुची?

१२ जून १९६१
पी.यू.सी. पास, म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं. कुंभकोणमच्या कॉलेजचं अ‍ॅडमिशन कार्ड आलं, तिरुचीचंही. दोघांनाही मी हवाय. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला ते फी भरताना सांगायचं. निर्णय उद्या सकाळी, कॉफीच्या आधी.

१४ जून
तिरुची. फिजिक्स. पक्कं. अप्पांना सांगितलं. ते कोर्टात हेडक्लार्क. निकाल इतक्या लवकर लागलेला पाहायची सवय नाही, त्यामुळे विश्वास बसला नाही.

१५ जून
इकॉनॉमिक्सही वाईट नाही. देशाला दोन्ही हवंय.

१९ जून, दुपार
तिरुचीला जाऊन पाहणी केली. प्रोफेसरांनी विचारलं, फिजिक्सच का? म्हटलं, मला सगळेच विषय सारखे येतात. त्यांनी मार्क पाहिले आणि म्हणाले, "खरंय. सारखेच आहेत." कौतुकानं म्हणाले असावेत. झूलॉजीच्या लॅबमध्ये बेडूक पाहिला. झूलॉजी रद्द. टिफिनही रद्द.

२२ जून
माझ्या वर्गातल्या नामदेवला कुठंच सीट नाही. कुंभकोणमच्या वेटिंग लिस्टवर पहिला. रडवेला होऊन म्हणाला, "रघोजी, तू कुठं जाणार नाहीस तेवढं तरी सांग रे." त्याला समजावलं, असले निर्णय घाईत होत नसतात. बिचाऱ्याला धीर आला असावा.

२६ जून
आई म्हणते, कुंभकोणमला मावशी आहे, जेवायची सोय. अप्पा म्हणतात, तिरुचीला मावशी नाही, अभ्यासाची सोय. दोन्ही मुद्दे बिनतोड.

३० जून, सकाळ
दोन्हीकडे फी भरायचा आज शेवटचा दिवस. कुंभकोणम. बॉटनी. आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. नामदेवही येतोय, आशेवर.

३० जून, संध्याकाळ
कुंभकोणमच्या वाटेत पापनाशमला गाडी थांबली. खिडकीबाहेर नुसतं भात. मनात आलं, जन्मभर हिरवंच बघत बसायचं? फिजिक्स! उतरलो. गाडी हलली तरी नामदेव दारातून ओरडत होता, "अय्यो, चढ रे! चढ!" तिरुची उलट दिशेला; परतीची गाडी उशिरा आली. तिरुचीला पोचलो तेव्हा ऑफिसला कुलूप. वॉचमन फार सभ्य होता.

१ जुलै
कुंभकोणमची माझी सीट नामदेवला मिळाली. मैसूरपाक घेऊन आला आणि दारातच रडायला लागला. मीच त्याची समजूत घातली. त्याचा मेजर मॅथ्स. विचारल्याबरोबर सांगून टाकलं म्हणे. खोलात जाऊन विचार करायची त्याला सवयच नाही.
अप्पा जेवले नाहीत.

३ जुलै
टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट. वर्षभरापुरतंच. सोडायला अप्पा स्वतः आले. इंग्रजी टायपिंग की तमिळ, यावर विचार करायला मी महिनाअखेरपर्यंत वेळ मागणार होतो. मास्तरांनी विचारलंच नाही. "अप्पांनी सांगितलंय," एवढंच म्हणाले आणि इंग्रजी मशीनपुढे बसवलं.
तासभर ए एस डी एफ, ए एस डी एफ बडवलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.