ताईच्या खुर्चीवर साउंडवाला

रविवार, ४ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. बेटावर सुखरूप पोचलीस, तंबू अजून उडाला नाही आणि पक्षी मोजून घ्यायला तयार आहेत, हे वाचून सगळ्यांना बरं वाटलं. तिथे फोन लागत नाही याचं आईला वाईट वाटतं आणि बाबांना कौतुक. तुझं पत्र त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. जन्मभर कानाशी रॉक गिटार वाजवलेल्या माणसाचं 'मोठ्याने' म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य जिन्यात मला विचारत होते, ताईंचा तंबू आता कसा आहे?

इकडे सगळं ठीक. दादाने ड्रम बडवून मनगट दुखवून घेतलंय, तरी जेवताना चमच्यांनी टेबल वाजवणं चालूच असतं. आईने बाबांचं स्टेजवरचं चामडी जॅकेट पुन्हा एकदा उसवून मोठं केलं. जॅकेट आटलं, असं बाबांचं म्हणणं. तुझी खुर्चीही ठीक आहे.

आणि तिसरं पुस्तक एकदाचं झालं. रॉकवाल्याच्या कुटुंबाची गोष्ट इथे संपते. पहिल्या पुस्तकात मी थोरलीला, म्हणजे तुला, दीपगृहात कोंडून एका तपास अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधलं. दुसऱ्यात दादामागे मारेकरी लावले आणि त्याला विमा कंपनीची एक देखणी तपासनीस मिळवून दिली. प्रत्यक्षात तुला पक्षी मिळाले आणि दादाला मनगटदुखी, पण वाचकांना हे कोण सांगणार? आता धाकटीची पाळी. प्रकाशकबाई हात धुऊन मागे लागल्या आहेत. वाचकांना म्हणे गुन्हेगारापेक्षा धाकटीचं कुणाशी जमतं याचीच जास्त काळजी आहे.

तेव्हा आज जेवणं झाल्यावर घरची सुनावणी बसली. नियम तेच. बाबा वाचणार, आज अर्धं आणि पुढच्या रविवारी उरलेलं. शेवटच्या प्रकरणाआधी एकेकाने स्वयंपाकघरात येऊन गुन्हेगार कोण ते माझ्या कानात सांगायचं. एकानेही बरोबर ओळखलं तर मी पुस्तक पुन्हा लिहायचं, तोवर ते घराबाहेर जाणार नाही. तुझ्यापायी पहिलं पुस्तक मी तीनदा लिहिलं, ते विसरलेले नाही.

या वेळी तू नाहीस म्हणजे सुटलेच, असं मी धरून चालले होते. पण बाबांना रिकाम्या खुर्चीसमोर वाचवेना. रिकामी खुर्ची म्हणजे न खपलेलं तिकीट, म्हणाले. मग काय झालं की... ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुझ्या खुर्चीवर एक जण बसला. मी नाही बसवला, आईने बसवला. तो तालमीच्या खोलीत बाबांचा स्पीकर दुरुस्त करत होता. आई म्हणाली, तूही ये, तेवढेच दोन कान जास्त. आपला हळूभाऊ गं.

हे नाव तूच ठेवलेलं. दर कार्यक्रमात साउंडच्या टेबलामागून तळहात खाली दाबत बाबांना 'हळू, हळू' अशी खूण करणारा, आणि बाबांनी आजवर एकदाही न ऐकलेला. दादा त्याला हळूभाऊ म्हणतो, आई म्हणते, ते दंतवैद्यसुद्धा म्हणतात. मी नुसतं हळू म्हणते. पुढचं 'भाऊ' म्हणायला माझी जीभ वळत नाही, त्याला मी काय करणार.

घोळ असा झाला. पुस्तकात रॉकवाल्याच्या कार्यक्रमांत घातपात होतात. दिवे कोसळतात, माइकमध्ये करंट उतरतो, आणि दर वेळी कापलेल्या वायरी गुंडाळून ठेवलेल्या सापडतात. वाचकाला संशय घ्यायला कुणीतरी हवं म्हणून मी एक साउंडवाला घातला. कमी बोलणारा, डाव्या खिशात पक्कड ठेवणारा, कुठल्याही खोलीत शिरला की एकदा टाळी वाजवून ती खोली कशी घुमते ते ऐकणारा. लिहिताना मला वाटलं, साउंडवाले असेच असतात. बाबा वाचायला लागले आणि सगळ्यांच्या माना तुझ्या खुर्चीकडे वळल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मला साउंडवाला एकच माहीत आहे.

दादा म्हणाला, घातपात करणारा आपल्याच घरी चहा पिऊन बसलाय. सगळे हसले, हळू हसला नाही. पुढे पानापानाला पुस्तकातला साउंडवाला जास्तच संशयास्पद दिसत गेला आणि मी टेबलाखाली जायची वाट शोधत राहिले. वाचन संपल्यावर तो उठला, "छान लिहिता तुम्ही," एवढंच म्हणाला आणि गेला. तालमीच्या खोलीत वायरींचा गुंता जमिनीवर तसाच टाकून. तो, जो दुसऱ्यांच्या वायरीसुद्धा गुंडाळून ठेवतो.

दारात आईला सांगून गेला की लांबच्या एका शहरातलं नवं नाट्यगृह त्याला कायमचं बोलावतंय आणि पुढच्या सोमवारी हो-नाही कळवायचंय. आईने हे मला कप विसळता विसळता सांगितलं आणि मग उगीचच बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

फोन करून त्याला सांगता येईल की गुन्हेगार तुम्ही नाही. पण शेवट आधी फोडायचा नाही हा आपला नियम, आणि मोडला तर तूच मला जन्मभर ऐकवशील. शिवाय मला जे सांगायचंय ते पुस्तकाबद्दल नाहीच, इथेच घोडं पेंड खातंय. दोन पुस्तकांत दोघांची लग्नं जुळवली, माणसं कड्यावरून लोंबकळत असताना त्यांच्या तोंडी प्रेमाची भाषणं घातली, आणि स्वतःची वेळ आली तर एक वाक्य सुचत नाही. ताई, तो जायला नको आहे मला. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

काय करू ते कळव. तुझं उत्तर येईपर्यंत तो सोमवार उलटून गेलेला असेल, ते मला ठाऊक आहे. तरी कळव.

तुझी, पाचावर धारण बसलेली,
धाकटी

सोमवार, १२ मे

प्रिय ताई,

तुझ्या बेटाची टपालाची बोट वाऱ्यामुळे सुटलीच नव्हती, त्यामुळे मागचं पत्र आणि हे तुला एकदमच मिळतील. आधी ते वाच. गोष्टीचं शेवटचं पान तू कधी आधी उघडत नाहीस, तो प्रामाणिकपणा आत्ताही असू दे.

आठवडाभर हळू फिरकला नाही. तालमीच्या खोलीतल्या वायरी मी गुंडाळायला घेतल्या आणि होता त्यापेक्षा मोठा गुंता करून ठेवला. बाबांनी दोनदा विचारलं, तो आजारी आहे का? मी एकदा हो म्हटलं आणि एकदा नाही.

काल रविवार. जेवणं उरकली, तुझी खुर्ची रिकामी. बाबांनी पुस्तक उघडलं, मिटलं, चष्मा पुसला आणि जाहीर केलं की कार्यक्रम थोडा उशिरा सुरू होईल. मी म्हटलं, वाचा, कुणी येत नाही. तेवढ्यात बेल वाजली. तो आत आला, सवयीप्रमाणे एकदा टाळी वाजवली, आम्ही सगळे बघतोय हे दिसल्यावर दोन्ही हात खिशात घातले. दादा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग हळूही हसला आणि तुझ्या खुर्चीवर बसला. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

शेवटच्या प्रकरणापाशी बाबा थांबले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पहिले आले बाबा. माझ्या कानाशी वाकून त्यांनी गुपित सांगितलं, "तो साउंडवालाच." बाबांची कुजबुज तुला माहीत आहे. बाहेर दादाचा चमचा थांबला आणि खाली दंतवैद्यांची खिडकी उघडल्याचा आवाज आला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग दादा आला. त्याचंही मत साउंडवाला, पण त्याला पोलिसांत देऊ नकोस म्हणाला, ड्रमचा आवाज दुसऱ्या कुणाला जमत नाही. आई हात पुसत आली. गुन्हेगाराशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "आता तो येईल," ती म्हणाली. "पुस्तकातल्या पोरींना बोलायला लावतेस ना? मग तूही तोंड उघड."

हळू आला. माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "वकील."

बरोबर होतं, ताई. गुन्हेगार कुटुंबाचा प्रेमळ वकीलच आहे. कसं ओळखलं, विचारलं तर त्याने सांगितलं. दुसऱ्या प्रकरणात साउंडवाला वायर गुंडाळतो ती एक वेटोळं वरून आणि एक खालून, म्हणजे पीळ पडत नाही. कापलेल्या वायरी सापडतात त्या मात्र कोपराभोवती करकचून गुंडाळलेल्या. साउंडवाला मरेल, पण वायर कोपराभोवती गुंडाळणार नाही. आणि चौथ्या प्रकरणात वकील बागेतली पाण्याची नळी अशीच कोपराभोवती गुंडाळतो. हा पुरावा मी इतका बारीक पेरला होता की तूसुद्धा फसली असतीस. फक्त तो एका साउंडवाल्यासमोर वाचून दाखवायचा नसतो, एवढी अक्कल मला नव्हती.

मी म्हटलं, मग गेल्या रविवारी रागावून का गेलात? तो ओट्याकडे बघत सांगू लागला.

"रागावलो नव्हतो. एक वरून, एक खालून, हे मी कुणाला शिकवलेलं नाही. पक्कड डाव्या खिशात असते हे मलाही माहीत नव्हतं. कुणीतरी वर्षानुवर्षं बघत असल्याशिवाय असं लिहिता येत नाही. ते ऐकलं आणि त्या दिवशी माझ्याच्याने वायर गुंडाळवेना."

त्याने विचारलं, पुस्तकात शेवटी धाकटी साउंडवाल्याला थांब म्हणते का? म्हणते, मी सांगितलं, पण अगदी शेवटच्या पानावर. त्याने मान हलवली. "मला उद्या सकाळी कळवायचंय," म्हणाला.

इतकी वर्षं मी त्याला अहो-जाहो करत आले. ते सगळं कुठे गेलं कोण जाणे.

"जाऊ नकोस. थांब. मला तू इथे हवा आहेस."

त्याने काय केलं असेल? तळहात खाली दाबून खूण केली. हळू, हळू. तेव्हा मला कळलं की माझा आवाज बाबांवर गेलाय. बाहेर दादाने दुखऱ्या मनगटाने टेबलावर ताल धरला होता आणि आई त्याला गप्प बस म्हणत होती. मी बाबांचीच मुलगी, मीही खूण ऐकली नाही. पुन्हा एकदा म्हटलं, तेवढ्याच जोरात. तो म्हणाला, "थांबतो. तू म्हणायची वाट बघत होतो."

बाहेर आल्यावर बाबांनी रीतसर विचारलं, कुणी ओळखलं का? मी खरं ते सांगितलं. म्हणजे पुस्तक पुन्हा लिहिणं आलं. प्रकाशकबाईंना आज कळवलं, त्या फोनवर खूप बोलल्या. बाबांना संशय घेतल्याबद्दल फार वाईट वाटलं. भरपाई म्हणून पुढच्या कार्यक्रमात एक गाणं हळू वाजवीन, असं त्यांनी त्याला वचन दिलंय. एकच.

आज सकाळी त्याने नाट्यगृहाला नाही म्हणून कळवलं आणि तालमीच्या खोलीत बसून मी केलेला गुंता सोडवला. मी शेजारी बसून बघितलं, या वेळी चोरून नाही. दुपारी जेवायला थांब म्हटलं तर तुझी खुर्ची धरून उभाच राहिला. ही ताईंची आहे, त्या आल्यावर मी कुठे बसणार, म्हणाला. आपल्या खुर्च्यांच्या जोडीची आणखी एक आता कुठे मिळायला? म्हणून गाडीतून स्वतःचं उंच स्टूल घेऊन आला, साउंडच्या टेबलामागचं. त्यावर बसून तो आम्हा सगळ्यांपेक्षा वीतभर उंच दिसतो, आणि वाकून वाकून जेवतो. आईने कालपासून त्याच्या नावातलं 'भाऊ' गाळलंय.

तुझी खुर्ची पुसून तुझ्या जागी ठेवली आहे. पुस्तकातला गुन्हेगार बदलायला घेतलाय. साउंडवाला बदलणार नाही. पक्षी मोजून झाले की ये, तू आल्याशिवाय सुनावणी बसणार नाही, आणि बाकीचं जे काही ठरायचंय तेही ठरणार नाही, असं मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलंय.

स्टुलाशेजारच्या खुर्चीवरून,
तुझीच धाकटी